घरी बांधलेल्या सीएनसी राउटरसाठी मोटारी आणि ड्राइव्ह: शिरोड्याजवळच्या एका सुतारशाळेचं प्रकरण

शिरोड्याच्या मिठागरांपासून फार लांब नसलेल्या एका सुतारशाळेत ७ फूट बाय ३ फूट कामाचा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारं यंत्र, घरीच बांधायचा होता. वडील पिढीजात मेस्त्री. मुलगा आयटीआय झालेला फिटर, गोव्याच्या कारखान्यात काही वर्षं काढून घरी परतलेला. लोखंडी चॅनेलची फ्रेम त्याने स्वतः वेल्ड केली होती, सरकत्या भागांच्या सरळ पट्ट्या, म्हणजे लिनियर गाइडही बसवून झाले होते. अडलं होतं ते मोटारींवर. हातात एका विक्रेत्याचं कोटेशन होतं: प्रत्येकी १२ न्यूटन-मीटर टॉर्कच्या (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर) चार नेमा ३४ मापाच्या स्टेपर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटारी, त्यांना करंट देणारे ६० व्होल्टचे ड्राइव्ह आणि सगळ्या अक्षांना (हालचालीच्या दिशांना) २० मिमी व्यासाचे, ५ मिमी पिचचे, म्हणजे फेऱ्याला ५ मिमी सरकवणारे बॉलस्क्रू. मी कुडाळला पॅनेल बांधणीचं आणि मशीन दुरुस्तीचं काम करतो. मुलाने कोटेशन माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "काका, ह्यापेक्षा मोठी मोटार घेऊ की एवढी पुरे?"

प्रश्नाची ही मांडणीच मला पटत नव्हती. घरी मशीन बांधणारे बहुतेक जण मोटारीपासून सुरुवात करतात, कारण मोटार ही दिसणारी, विकत मिळणारी आणि आकडा छापलेली वस्तू असते. मोटार मात्र सगळ्यात शेवटी ठरवावी. आधी काम, कामावरून वेग, वेगावरून स्क्रू किंवा रॅक (दातेरी पट्टी), आणि हे झालं की मोटारीचा आकडा आपोआप समोर येतो. या प्रकरणात कागदावर त्याच क्रमाने गेलो आणि कोटेशनमधलं जवळजवळ काहीच शिल्लक राहिलं नाही.

मशीनवर काय कोरणार

मेस्त्रींना हेच विचारलं. वर्षभर देव्हाऱ्यांच्या कमानी, दारांच्या नक्षीच्या पट्ट्या, घरांच्या नावाच्या पाट्या. श्रावण लागला की गणपतीचे पाट आणि मखरं, आणि तेव्हा चाकरमानी येण्याआधी सगळं घरपोच झालेलं हवं. लाकूड साग, शिवण आणि फणस, मखरांना प्लाय. पोलाद नाही, ॲल्युमिनियमही नाही. हे आधी नीट लिहून घेतलं, कारण लाकडाला लागणारा जोर धातूच्या मानाने बराच कमी असतो आणि वेग मात्र जास्त लागतो.

वेग कसा काढायचा? राउटरचं टूल मिनिटाला १८,००० फेरे फिरतं, त्याला दोन धारा आहेत आणि प्रत्येक धारेने ०.१५ मिमी जाडीचा काप काढावा असं धरलं, तर १८,००० × २ × ०.१५ म्हणजे मिनिटाला ५,४०० मिमी. म्हणजे मशीनला कापता कापता साधारण साडेपाच मीटर प्रति मिनिट चालता आलं पाहिजे. त्याहून फार हळू चाललं तर धार लाकूड कापत नाही, नुसती घासते. फणसावर काळपट डाग पडतात आणि टूल तापून बोथट होतं. सागात सिलिका असते, त्यामुळे तिथे धार आधीच लवकर जाते. घासत चालवणं म्हणजे टूलवर पैसे जाळणं. म्हणून आम्ही ६ मीटर प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला १०० मिमी, हा वेग धरून चाललो.

दुसरी गोष्ट मुलाच्या लक्षात आली नव्हती आणि कोटेशन देणाऱ्याने ती विचारलीही नव्हती. देव्हाऱ्याच्या कमानीवरची वेलबुट्टी कोरताना टूल दर चार-पाच मिमीला वर-खाली होतं. सेकंदाला १०० मिमी वेग गाठायचा आणि प्रवेग २५० मिमी प्रति सेकंद वर्ग असेल, तर वेग गाठेपर्यंतच २० मिमी अंतर निघून जातं. प्रवेग १,००० केला तर ५ मिमीत वेग येतो. पाकळीच पाच मिमीची असेल तर पहिल्या मशीनला तो वेग कधी दिसणारच नाही, सेटिंगमध्ये कितीही लिहा. नक्षीच्या कामात तासांचा हिशेब प्रवेग ठरवतो. म्हणून अट अशी लिहिली: ६ मीटर वेग, आडव्या अक्षाला आणि झेडला (वर-खालीच्या अक्षाला) १,००० चा प्रवेग, लांब अक्षाला ५०० चालेल. नक्षीचे पास आडव्या अक्षाच्या दिशेने लावायचे, कारण तिथे हलणारा भार सगळ्यात कमी असतो.

कोटेशन कुठे अडलं

आधी लांब अक्ष, वाय. कामाची लांबी ७ फूट, म्हणजे बेअरिंग ते बेअरिंग स्क्रू सुमारे २,४०० मिमी. इतका लांब स्क्रू एका ठरावीक वेगाच्या वर मधून झोल घ्यायला लागतो, दोरीउड्यांच्या दोरीसारखा. हा वेग मोटारीवर अवलंबून नसतो. तो स्क्रूच्या तळव्यासावर (आट्यांच्या तळाशी मोजलेल्या व्यासावर), लांबीवर आणि दोन टोकं कशी धरलीत यावर ठरतो. २० मिमी स्क्रूचा तळव्यास साधारण १७ मिमी, एक टोक घट्ट आणि दुसरं आधारावर. बॉलस्क्रूच्या कॅटलॉगमध्ये यासाठी १५.१ हा गुणक दिलेला असतो. १५.१ × १७ ला २,४०० च्या वर्गाने भागायचं आणि एक कोटीने गुणायचं. उत्तर येतं मिनिटाला सुमारे ४४५ फेरे. पिच ५ मिमी, म्हणजे वेगाची कमाल मर्यादा २.२ मीटर प्रति मिनिट. आपल्याला हवेत ६. इथे १२ न्यूटन-मीटरची मोटार लावा नाहीतर ३० ची, स्क्रू त्याच ठिकाणी थरथरणार. मुलाने तो आकडा स्वतः दोनदा मांडून पाहिला.

आता मोटार. खोक्यावरचे १२ न्यूटन-मीटर हा होल्डिंग टॉर्क असतो, म्हणजे मोटार जागच्या जागी उभी असताना दोन्ही फेजमध्ये (गुंडाळ्यांत) पूर्ण करंट असेल तेव्हाचा. मोटार फिरायला लागली की दर पावलाला गुंडाळीतला करंट बदलावा लागतो. गुंडाळीला इंडक्टन्स असतं, ते करंट एकदम चढू देत नाही, त्याला वेळ लागतो. ढोबळ हिशेब सोपा आहे: इंडक्टन्स गुणिले करंट, भागिले व्होल्टेज. कोटेशनमधल्या मोटारीच्या कागदावर ८ मिलिहेन्री आणि ६ अँपिअर होतं. ६० व्होल्टवर करंट चढायला ०.८ मिलिसेकंद. ५ मिमी पिचवर ६ मीटर वेगासाठी मोटारीला १,२०० फेरे फिरायला हवं. फेऱ्याला २०० पावलं, म्हणजे एका पावलाला फक्त ०.२५ मिलिसेकंद मिळतात. करंट तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पोचतो तोच पुढचं पाऊल आलेलं असतं. शिवाय फिरणारी मोटार स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते, ते या हिशेबात धरलेलंच नाही, म्हणजे खरी स्थिती याहून वाईट. कागदावरच्या बारापैकी फार थोडा भाग तिथे हाताला लागतो.

स्टेपरला किती व्होल्ट द्यावेत याचा एक जुना, उपयोगी नियम आहे: मिलिहेन्रीचं वर्गमूळ काढा आणि ३२ ने गुणा. ८ मिलिहेन्रीला सुमारे ९० व्होल्ट येतात. ही कमाल समजायची. तिच्या वर गेलं की मोटार तापते, फार खाली राहिलं की मोटारीची क्षमता वाया जाते. ९० व्होल्टची भूक असलेली मोटार ६० वर चालवायची आणि वर तिच्याकडून १,२०० फेऱ्यांना टॉर्क मागायचा, ही जुळणीच चुकीची होती. मोटार वाईट नव्हती. हळू फिरणाऱ्या, जड, धातू कापणाऱ्या मशीनला ती शोभली असती.

आडवा अक्ष

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेतला, कारण पहिलं उत्तर इथेच स्वच्छ निघतं.

स्क्रूची लांबी १,२०० मिमी. पिच ५ ऐवजी १० मिमी घेतला की ६ मीटरला ६०० फेरे पुरतात. मुलाला वाटत होतं १० मिमी पिचवर जोर अर्धा होईल, आणि ते बरोबरच आहे. १ न्यूटन-मीटर टॉर्कने ५ मिमी पिचवर सुमारे १,१३० न्यूटन ढकल मिळते, १० मिमीवर ५६५. पण आपल्याला हवा किती? सहा मिमीच्या टूलला लाकडात १०० न्यूटन हा हिशेबापुरता वरचाच आकडा धरला, घर्षणाचे ४० धरले. १४० न्यूटनसाठी १० मिमी पिचवर पाव न्यूटन-मीटर पुरतो.

मग व्यास. कोटेशनमध्ये २० मिमी होता, मेस्त्रींच्या मते २५ असता तर आणखी बरं. लाकूडकामात जाड लाकूड म्हणजे मजबूत लाकूड, त्या नजरेने ते बोलत होते. फिरणाऱ्या स्क्रूत मात्र व्यास महाग पडतो, कारण त्याचं जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. १,२०० मिमी लांबीच्या १६ मिमी स्क्रूचं जडत्व सुमारे ६०० ग्रॅम-सेंमी वर्ग, २० मिमीचं १,४८०, २५ मिमीचं ३,६०० च्या वर. आणि या अक्षावर हलणारा सगळा भार, म्हणजे स्पिंडल (टूल फिरवणारी मोटार), झेडचा सांगाडा, मोटार मिळून २५ किलो, तो १० मिमी पिचमधून मोटारीला जाणवतो सुमारे ६३० एवढाच. म्हणजे १६ मिमीचा स्क्रू स्वतः फिरवायला जेवढे कष्ट, जवळपास तेवढेच २५ किलोचा भार ढकलायला. २५ मिमी स्क्रू घेतला असता तर मोटारीची बरीचशी ताकद स्क्रू फिरवण्यात आणि थांबवण्यातच गेली असती. या लांबीला १६ मिमी स्क्रूची वेगमर्यादा जवळपास १,४०० फेरे येते, आपले ६०० तिच्या निम्म्याहून खाली. १६ मिमी ठरला.

सगळं जडत्व मिळून, मोटारीच्या रोटरचे ५०० धरून, १,७४० च्या आसपास. १,००० च्या प्रवेगाला त्यासाठी ०.११ न्यूटन-मीटर लागतो. कापण्याचा आणि घर्षणाचा पाव मिळवला की ०.३६. स्टेपर कधीही तिच्या टोकावर चालवू नये, पाऊल चुकलं तर ती सांगत नाही. म्हणून दुप्पट, ०.७२. निवडीचं वाक्य असं तयार झालं: ६०० फेऱ्यांना पाऊण न्यूटन-मीटर देणारी मोटार. "केवढी मोटार?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी या रूपात यायला हवं, आधी फेरे आणि मग त्या फेऱ्यांना टॉर्क.

नेमा २३ आकाराची, ३ न्यूटन-मीटर, ४.२ अँपिअर, ३.८ मिलिहेन्रीची मोटार घेतली. ४४ व्होल्टवर करंट चढायला ०.३६ मिलिसेकंद, आणि ६०० फेऱ्यांना पावलामागे ०.५ मिलिसेकंद मिळतात. बसतं. उत्पादकाच्या टॉर्क-वेगाच्या आलेखात ६०० ला आपल्या गरजेच्या वर रेघ होती, तेही पाहून घेतलं. हा आलेख नसेल तर ती मोटार घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ड्राइव्ह डीएम ५५६ प्रकारचा डिजिटल: कमाल ५० व्होल्ट, ५.६ अँपिअरपर्यंत. स्वस्तातल्या टीबी ६६०० मॉड्यूलची मर्यादा ४२ व्होल्ट असते आणि मोटार मध्यम वेगात थरथरते ती दाबण्याची सोय त्यात नसते. छोट्या थ्रीडी प्रिंटरला तो चालेल, इथे नाही.

लांब अक्षाला रॅक

वायला स्क्रू बादच झाला होता, म्हणून दोन्ही बाजूंना रॅक आणि दोन मोटारी. पिनियन, म्हणजे रॅकवर फिरणारं दातेरी चाक, दीड मॉड्यूल (दातांचं माप), २० दात, म्हणजे फेऱ्याला ९४ मिमी. मुलगा मोटार थेट पिनियनला जोडणार होता. गॅन्ट्रीचं, म्हणजे लांब अक्षावर सरकणाऱ्या आडव्या पुलाचं, वजन ६० किलो. थेट जोडलं तर प्रत्येक मोटारीच्या वाट्याला रोटरच्या १३५ पट जडत्व येतं. अशी मोटार थांबताना डुलते आणि नक्षीच्या कडेला लाटा उठतात. मधे ४:१ चा टायमिंग बेल्ट टाकला की जडत्व सोळा पटींनी कमी होतं आणि प्रमाण साडेआठच्या घरात येतं. फेऱ्याला २३.५६ मिमी, ६ मीटरला २५५ फेरे. इतक्या कमी फेऱ्यांना स्टेपर जवळपास पूर्ण टॉर्क देते. टूल गॅन्ट्रीच्या एका टोकाला असताना त्या बाजूच्या मोटारीवर जास्त भार येतो हे धरूनही गरज ०.५५ निघाली, दुप्पट १.१. तीच ३ न्यूटन-मीटरची मोटार इथेही पुरली.

या दोन मोटारी मात्र एन्कोडरवाल्या, म्हणजे किती फिरलो ते ड्राइव्हला कळवणाऱ्या, क्लोज्ड लूप घेतल्या. गॅन्ट्री दोन बाजूंनी ओढली जाते. एका बाजूची मोटार चुकली आणि दुसरी चालत राहिली तर गॅन्ट्री तिरकी होऊन गाइडचे ब्लॉक आवळले जातात. साध्या स्टेपरमध्ये हे कोणाला कळत नाही. क्लोज्ड लूपचा ड्राइव्ह अलार्म देतो. दोन्ही अलार्म एका रांगेत जोडून कंट्रोलरला दिले, कुठलाही एक तुटला की सगळं थांबतं. बाकी अक्षांवर हा खर्च केला नाही.

सर्व्होचा, म्हणजे जागा सतत मोजत वेगाने फिरणाऱ्या मोटारीचा, विषय मुलाने काढला होता. ४०० वॉटचा एसी सर्व्हो ३,००० फेऱ्यांना १.२७ न्यूटन-मीटर देतो आणि क्षणभर त्याच्या तिप्पट. चांगली वस्तू. पण आपला आडवा स्क्रू ६०० फेऱ्यांवर चालतो, म्हणजे सर्व्होच्या वेगाचा पाचवा हिस्साच वापरात येणार आणि उरलेल्याचे पैसे भरायचे. रोज दोन पाळ्यांत प्लाय कापायचा असता तर मी रॅकवर मोठ्या रिडक्शनसह सर्व्होच सुचवला असता.

झेड, आणि लाइट जाणं

मेस्त्री सगळं शांतपणे ऐकत होते. त्यांनी विचारलेला एकच प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. स्पिंडलकडे बोट दाखवून म्हणाले, "लाइट गेली काय ह्यां धाडकन खाली येतला मां?"

किनारपट्टीवर आषाढ-श्रावणात लाइट जाणं हा अपवाद नसतो. वारा सुटला, माडाची झावळी तारांवर आली, की गेली. आणि नेमका तोच या सुतारशाळेचा हंगाम. मोटारीचा करंट गेला की स्टेपरची पकड जाते, उरतो फक्त चुंबकाचा हलका अडकाव, या आकाराच्या मोटारीत ०.१ न्यूटन-मीटरच्या आगेमागे. झेडवर १२ किलो लटकतात. १० मिमी पिच असेल तर ते वजन मोटारीला ०.१७ ने उलटं फिरवतं, म्हणजे स्पिंडल खाली येणार, आणि टूल फिरत असेल तर कमानीत भोक. ५ मिमी पिचवर उलटा टॉर्क ०.०८५ होतो, पडेल-न पडेल अशा काठावर. काठावर भिस्त ठेवायची नाही. झेडला ५ मिमी पिच आणि २४ व्होल्टचा ब्रेक असलेली मोटार घेतली. वीज असते तोवर ब्रेक सुटलेला, गेली की स्प्रिंगने लागतो. झेडला ३ मीटर प्रति मिनिट वेग पुरतो, म्हणजे तिथेही ६०० फेरेच. टॉर्कची गरज पाव न्यूटन-मीटर.

याने स्पिंडल पडणं थांबलं, पण कमान वाचत नाही. मोटारी बंद पडल्या की जागा हरवते, आणि सहा तास कोरलेलं लाकूड पुन्हा नेमक्या जागी धरणं कठीण. म्हणून वीजजोडणी दोन भागांत केली. स्पिंडलचा व्हीएफडी (त्याचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) थेट महावितरणच्या लाइनवर. कंट्रोलर आणि मोटारींचा पुरवठा घरच्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवर, यूपीएस मोडमध्ये. चार मोटारींचा प्रत्यक्ष भार दोन-तीनशे वॉटच असतो, इन्व्हर्टरला तो जड नाही. लाइनवर एक रिले बसवला. वीज गेली की तो सुटतो आणि कंट्रोलरला थांबण्याचा इशारा देतो. १०० मिमी वेगावरून आडवा अक्ष ५ मिमीत थांबतो, वाय १० मिमीत. स्पिंडल मात्र स्वतःच्या गतीने अजून काही सेकंद फिरत राहतो, त्यामुळे टूल लाकडात अडकून तुटत नाही. मग झेड वर उचलला जातो आणि मशीन आपली जागा लक्षात ठेवून उभं राहतं. लाइट आली, स्पिंडल पूर्ण वेगाला आला, की पुढे चालू.

पुरवठा, अर्थिंग, खारा वारा

मोटारींसाठी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देतो असं ओळखीच्या एकाने सांगितलं होतं. ट्रान्सफॉर्मर दणकट असतो हे खरं, पण तो लाइनच्या मागे मागे जातो. २३० ला ४८ व्होल्ट देणारा पुरवठा लाइन २५५ ला गेली की ५३ देतो, आणि ५० ची मर्यादा असलेले ड्राइव्ह तिथेच संपतात. लाइन १९० ला आली की ४० च्या खाली जातो आणि पावलं चुकायला लागतात. फीडरच्या टोकावरच्या गावात दोन्ही घडतं. म्हणून ४८ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे लाइन हलली तरी व्होल्टेज स्थिर ठेवणारा पुरवठा, घेतला आणि त्याचा स्क्रू फिरवून ४४ वर आणला. अक्ष जोरात थांबतो तेव्हा मोटार वीज परत पुरवठ्यात ढकलते आणि व्होल्टेज क्षणभर चढतं, त्यासाठी ही सहा व्होल्टची जागा.

स्पिंडल दीड किलोवॉटचा, ४०० हर्ट्झला २४,००० फेरे. व्हीएफडी सिंगल फेज २३० वर चालतो. सुरुवातीचा चढ आठ-दहा सेकंदांचा लावला, म्हणजे घरातले दिवे मिचकावत नाहीत. या व्हीएफडीचा विद्युत गोंगाट लिमिट स्विचच्या (अक्षाचं टोक ओळखणाऱ्या स्विचच्या) तारांत शिरतो आणि मशीन उगाच थांबतं. ही तक्रार इतक्या ठिकाणी पाहिली आहे की स्पिंडलची केबल शील्ड असलेलीच, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली, आणि सेन्सर २४ व्होल्टचे, नेहमी बंद राहणारे, हे मी आता विचारून घेत नाही, थेट करतो. अर्थिंगला मात्र श्रम पडले. सुतारशाळा जांभ्याच्या कातळावर आहे, वैशाखात तो कातळ इतका कोरडा होतो की खड्ड्यातल्या पट्टीला जमीन नावालाच लागते. विहिरीजवळच्या ओल्या मातीत दुसरा खड्डा घेतला, तिथून जाड पट्टी आणली.

मशीन चालू झाल्यावर वायचं माप पक्कं केलं. हिशेबाने मिमीला ६७.९०६ पल्स (कंट्रोलरने ड्राइव्हला दिलेले इशारे) येतात. २,००० मिमी चालवलं, पोलादी टेपने १,९९८.५ भरलं, म्हणून आकडा ६७.९५७ केला. आडव्या अक्षाला डायल गेज लावून अर्धा तास पूर्ण वेगाने मागे-पुढे पळवलं. काटा शून्यावर परत आला. शिवणीत साडेपाच मीटरने काप स्वच्छ येतो, डाग नाहीत. मुलाने प्रवेग १,५०० पर्यंत चढवून पाहिला, मोटारीने तो सोसला, पण गॅन्ट्रीच कंप पावायला लागली आणि पाकळ्यांच्या कडा दुहेरी दिसायला लागल्या, म्हणून परत १,००० वर आणला.

पहिल्या पावसाळ्यात एक ड्राइव्ह गेला, आडव्या अक्षाचा. मोटार ठीक, पुरवठा ठीक. केबलच्या मधल्या गोल कनेक्टरची चूडी सोडली तेव्हा एका पिनेवर हिरवट पूड दिसली, नखाने खरवडली तर खालची पितळ खड्ड्या-खड्ड्यांची. खाऱ्या दमट हवेने पिन सैल झाली होती. चालू असताना मोटारीची फेज तुटली की गुंडाळीतली ऊर्जा ड्राइव्हच्या ट्रान्झिस्टरवर उसळते, मोटारीचा प्लग चालू ड्राइव्हवर कधी काढू नये तो याच कारणाने. इथे हवेने तेच हळूहळू केलं. आता मोटारींच्या वाटेत एकही कनेक्टर नाही, ड्राइव्हपासून मोटारीपर्यंत अखंड केबल, टोकांना दाबून बसवलेल्या फेरूल (धातूच्या टोप्या). रॅकवर तेल न लावता मेण चोळायचं ठरलं, तेलात लाकडाचा भुसा बसून त्याची पेस्ट होते. पॅनेलमध्ये एक छोटा दिवा रात्रभर जळत ठेवतात, आत दव धरत नाही.

मेस्त्रींना आता चौथा अक्ष हवा आहे, देव्हाऱ्याचे खांब फिरवून कोरायला. १०० मिमी व्यासाचा, ८०० मिमी लांबीचा सागवानी खांब सुमारे ४ किलोचा भरतो आणि त्याचं जडत्व ५१,००० येतं, आपल्या मोटारीच्या रोटरच्या शंभर पट. ही वेळ मोठ्या मोटारीची नाही. १०:१ रिडक्शन घातलं की शंभराने भाग जातो आणि मोटारीला ५१० जाणवतात, तिच्या स्वतःच्या रोटरएवढेच. तीच ३ न्यूटन-मीटरची मोटार, दोन टप्प्यांचा बेल्ट आणि मेस्त्रींच्या जुन्या खरादाचं डोकं, एवढ्यात ते बसेल. पुली मागवल्या आहेत.